वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे

धातूचे औषध करणे हे मोठ्या जोखमीचे काम. भस्म नीट झाले तर गुण येतो. कच्चे राहिले तर तेच विष ठरते. ही विद्या पूर्वी पुष्कळदा पित्याकडून पुत्राकडे जाई. पुत्र नसला, की वैद्याबरोबर तीही लोप पावे. इंग्रजी अमदानीत तिचा राजाश्रयही तुटला. अशा काळी, १९१७ साली, गंगाधरशास्त्री गुणे यांनी अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, आयुर्वेद महाविद्यालय स्थापन केले आणि घराण्यांतील विद्या विद्यार्थ्यांसाठी खुली केली.

'औषधीगुणधर्मशास्त्र' हा ग्रंथ लिहून शास्त्रीबुवांनी औषधांचे गुण विशद केले. त्यात भस्मांचेही विवेचन आहे. भस्म करताना शुद्ध केलेला धातू वनस्पतींच्या रसात खलतात आणि गोवऱ्यांच्या अग्नीत पुनःपुन्हा पुटे देतात. तयार भस्म पाण्यावर तरंगले पाहिजे, बोटांच्या रेषांत शिरले पाहिजे, अशा त्याच्या कसोट्या आहेत.

पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काही भस्मांत नॅनोमीटरच्या मापाचे कण आढळले. मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर! आज प्रयोगशाळांत तुळस, कडुनिंब यांच्या पानांचा अर्क चांदीच्या क्षाराच्या द्रावणात मिसळून जंतुनाशक असे सूक्ष्म कण बनवितात. परंतु कण सूक्ष्म झाला एवढ्याने तो औषध ठरत नाही. तो शरीरास अपायकारक नाही, हे सिद्ध व्हावे लागते.

शास्त्रीबुवांच्या महाविद्यालयास पुढे त्यांचेच नाव देण्यात आले. विद्या लपविल्याने नव्हे, तर शिकविल्याने व पारखल्याने टिकते, हेच त्यांच्या जीवनकार्याचे सार होय.