कै. चिंतामणराव देशमुख

कुलाबा (आतां रायगड) जिल्ह्यांतील नाते येथें १८९६ सालीं जन्मलेले चिंतामणराव देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर व पुढें केंद्राचे अर्थमंत्री होत. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी करण्याचा बेत न रुचून त्यांनीं १९५६ सालीं मंत्रिपद सोडलें. त्याच सालीं आमचा परभणी जिल्हा हैद्राबाद राज्यांतून मुंबई राज्यांत आला. त्यामुळें त्यांच्याविषयीं आम्हांस विशेष आपुलकी वाटते.

१९६९ सालीं राष्ट्रपतिपदासाठीं काँग्रेसचे संजीव रेड्डी व अपक्ष गिरी यांची झुंज लागली असतां स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांनीं चिंतामणरावांस पाठिंबा दिला. विजयाची आशा थोडीच. मग तीं मतें वायां गेलीं काय? विद्यार्थिमित्रहो, आम्हांस तसें वाटत नाहीं. ह्या निवडणुकींत आमदार-खासदार पसंतीक्रम लिहितात. गिरींस ४,०१,५१५, रेड्डींस ३,१३,५४८ व चिंतामणरावांस १,१२,७६९ मतमूल्य मिळालें. बहुमत कोणासच नाहीं! इतर उमेदवार गळाल्यावर अखेर चिंतामणरावांच्या मतपत्रिकांवरील पुढील पसंती मोजावी लागली. तींतील बहुतेक रेड्डींकडे गेली, तरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे गिरीच निवडून आले.

चिंतामणरावांनीं १९८२ सालीं हैद्राबादेस देह ठेवला.