विश्वासास पात्र झालेला दिवाण

मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांचे पितृछत्र लहानपणीच हरपले. मुद्देनहळ्ळी हे गाव सोडून ते बंगळुरास आले आणि शिकवण्या करीत करीत सेंट्रल कॉलेजातून १८८१ साली पदवीधर झाले. पुढे म्हैसूर संस्थानाने शिष्यवृत्ती देऊन त्यांना पुण्यास अभियांत्रिकी शिकण्यास पाठविले. शिक्षणानंतर मुंबई सरकारच्या नोकरीत त्यांची वीसबावीस वर्षांहून अधिक सेवा झाली.

त्या काळातली एक गोष्ट त्यांच्या स्वभावाची खूण म्हणून पाहण्यासारखी आहे. खडकवासल्याच्या धरणास त्यांनी आपण योजिलेले, पाण्याच्या दाबाने आपोआप उघडणारे दरवाजे बसविले. त्या युक्तीचे पेटंट त्यांच्या नावावर होते. तथापि ज्या सरकारचा पगार घ्यावयाचा त्याच सरकारकडून आणखी मोबदला घेणे त्यांस प्रशस्त वाटले नाही, व तो त्यांनी नाकारला.

१९०९ साली ते म्हैसूरचे मुख्य अभियंते झाले. कावेरीवर कन्नंबाडी येथे प्रचंड धरण बांधण्याची त्यांची योजना संस्थानाच्या मानाने फार खर्चाची होती, आणि अर्थखात्यास ती मुळीच रुचली नव्हती. महाराज कृष्णराज वोडेयर यांनी अखेर मान्यता दिली. एवढा पैसा एका माणसाच्या हिशेबावर भरवसा ठेवून ओतावयाचा, हे धाडस लहान नव्हे.

१९१२ साली दिवाणपदाचे बोलावणे आले. तेव्हा विश्वेश्वरय्यांनी काय केले? असे सांगतात की, त्यांनी आप्तेष्टांना घरी भोजनास बोलाविले आणि मातोश्रींच्या समक्ष एक अट घातली : कोणीही स्वतःसाठी वा दुसऱ्यासाठी शिफारस मागावयाची नाही, हे कबूल असेल तरच आपण पद स्वीकारू. भिडेपोटी माणूस कोठे वाकतो हे ते जाणून होते, म्हणून भीड पडण्यापूर्वीच त्यांनी दार लावून घेतले. दुसऱ्याच वर्षी बंगळुरात म्हैसूर बँक निघाली. त्या वर्षी देशात कित्येक पेढ्या बुडत होत्या, हे लक्षात घ्यावे.

मात्र विश्वास म्हणजे एकमत नव्हे. सरकारी नोकऱ्यांत मागे राहिलेल्या समाजांस जागा राखून ठेवण्याच्या प्रश्नावर महाराजांशी त्यांचे पटेना, आणि १९१८ साली ते पदावरून दूर झाले. या वादात महाराजांची दृष्टी अधिक दूरची होती, असेच आज पुष्कळांना वाटेल. परंतु मनात किल्मिष न ठेवता दोघेही आपापल्या जागी राहिले.

म्हणूनच पुढचा प्रसंग घडू शकला. भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना सुरू झाला तोच महायुद्धानंतर लोखंडाचे भाव कोसळले, व तोट्याचा बोजा संस्थानावर पडू लागला. १९२३ साली महाराजांच्या सरकारने मतभेद होऊन गेलेल्या याच जुन्या दिवाणास पाचारण केले. त्यांनी कारभार पत्करला. पण कारखाना सावरेपर्यंत आपले वेतन उचलले नाही. पुढे कारखाना मार्गी लागला, आणि साचलेली ती मोठी रक्कम हाती येताच त्यांनी ती बंगळुरात हातांचे कसब शिकविणारी संस्था काढण्यासाठी देऊन टाकली. तिला मात्र आपले नाव न देता त्यांनी महाराज जयचामराजेंद्र यांचे देवविले.