मुक्कामाची सोय करणारा राजा

दरवर्षी जून महिना उजाडला की हरसूल आणि आसपासच्या पाड्यांवरची मुले पत्र्याची पेटी, अंथरूण-पांघरूण आणि गुणपत्रिका घेऊन नाशिकची वाट धरतात. महाविद्यालयात प्रवेश मिळतो, पण राहायचे कुठे, हा प्रश्न बसस्थानकावर उतरल्यापासूनच सुरू होतो. शहर वाढते, वर्गखोल्या वाढतात; खेड्यातल्या मुलाला मात्र शाळेच्या बाकाआधी डोक्यावर छप्पर लागते. ही साधी गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वी ज्याच्या ध्यानात आली आणि ज्याने त्यासाठी जागा, पैसा व माणसे उभी केली, तो एका संस्थानाचा तरुण राजा होता. राजर्षी शाहू महाराज.

नाशिकशी महाराजांचे नाते या प्रश्नापुरते तरी थेट आहे. १५ एप्रिल १९२० रोजी त्यांच्या हस्ते येथील उदाजी मराठा विद्यार्थी वसतिगृहाच्या इमारतीची कोनशिला बसली. संस्था १९१४ पासूनची, धारचे संस्थानिक उदाजीराव पवार यांच्या नावाने चालणारी; पण स्वतःची इमारत नव्हती. माणगावच्या परिषदेला जेमतेम महिना झाला होता आणि नागपूरची परिषद तोंडावर होती. अशा धावपळीत महाराज एका वसतिगृहाच्या पायाभरणीसाठी नाशिकला आले, यावरूनच त्यांच्या लेखी या कामाची किंमत कळते.

२६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या यशवंतरावांना १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक घेण्यात आले. राजकोटच्या राजकुमार महाविद्यालयात आणि त्यानंतर धारवाडला फ्रेझर यांच्या देखरेखीखाली शिक्षण झाले. २ एप्रिल १८९४ रोजी, विसाव्या वर्षी, राज्यकारभाराची सूत्रे हाती आली. दरबारातील नेमणुकांकडे पाहताच चित्र स्पष्ट झाले. ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण, उरलेल्या सर्व जातींचे मिळून ११. पुढे २६ जुलै १९०२ रोजी महाराजांनी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. पण राखीव जागेवर बसवायला शिकलेला माणूस हवा, आणि तो खेड्यात जन्मलेला असला तरी घडायचा शहरातच. कारण हायस्कूल आणि राजाराम कॉलेज कोल्हापुरात होते.

येथे त्यांचा पहिला प्रयत्न फसला, आणि तो फसला म्हणूनच पुढचे सारे घडले. १८९६ मध्ये सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजाराम वसतिगृह सुरू झाले. दार सर्वांना उघडे होते. चार-पाच वर्षांत तेथे जवळजवळ केवळ ब्राह्मण विद्यार्थीच उरले. व्यवस्था पाहणारे त्याच समाजाचे होते, पंक्तीचे नियम होते, विटाळ होता. शेतकऱ्याच्या पोराला तेथे दोन घास सुखाने खाता येत नव्हते. दार उघडे ठेवले म्हणजे जागा मिळतेच असे नाही, हा धडा महाराजांना अशा रीतीने मिळाला. अनेक शिक्षणतज्ज्ञांना तो बराच उशिरा उमगला, हे नमूद करायला हवे.

मग त्यांनी वेगळी वाट धरली. १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग निघाले. १९०६ मध्ये मुस्लिम समाजाची शिक्षणसंस्था स्थापन झाली, तिचे अध्यक्षपद स्वतः महाराजांनी घेतले. लिंगायत, दैवज्ञ, नामदेव शिंपी, पांचाळ, सारस्वत, कायस्थ प्रभू, ख्रिस्ती अशी रांगच लागली. १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग उघडले. मुंबईचे गव्हर्नर क्लार्क यांच्या कन्येचे नाव त्याला देण्यात आले. महाराजांच्या हयातीत वसतिगृहांची संख्या वीसच्या पुढे गेली.

पैशाची रचनाही विचारपूर्वक केलेली होती. सारा खर्च दरबाराने उचलायचा ठरवले असते तर संस्थानाच्या तिजोरीत ती ताकद नव्हती. राधानगरीच्या धरणासारखी अवाढव्य कामे त्याच तिजोरीवर चालली होती. म्हणून दरबार जमीन देई, बांधकामाला हातभार लावी, वार्षिक अनुदान बांधून देई. उरलेला निधी त्या त्या समाजातील सुस्थितीतील मंडळींनी गोळा करायचा. कारभारही त्यांनीच पाहायचा. याने दोन गोष्टी साधल्या. थोड्या पैशात अधिक इमारती उभ्या राहिल्या, आणि आपल्या मुलांचे बोर्डिंग ही समाजाला स्वतःची मालमत्ता वाटू लागली. आजही दसरा चौकात उभे राहिले की आसपास ही जुनी बोर्डिंगे दिसतात. शहराच्या मध्यावरची, शाळा-कॉलेजला पायी जाता येईल अशा अंतरावरची मोक्याची जागा त्यांना दिलेली आहे. त्या काळी नगररचना हा शब्द कोल्हापुरात कोणाच्या तोंडी नसेल, पण नकाशा डोळ्यांपुढे ठेवूनच हे झाले असावे असे वाटते.

जातवार वसतिगृहांनी जाती घट्टच होतील, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि त्यात तथ्य होते. जैन बोर्डिंगमध्ये राहणारा भाऊराव पाटील नावाचा विद्यार्थी मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेला आणि परत आल्यावर आंघोळ करायला नकार दिला, म्हणून त्याला बोर्डिंग सोडावे लागले. जात मोडू पाहणाऱ्या राजाच्याच मदतीने चाललेल्या घरात जात अशी शाबूत होती. गंमत अशी, की या अनुभवाचे पुढे सोने झाले. त्याच भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींची मुले एका पंक्तीला जेवतील असे वसतिगृह उघडले. त्याला नाव दिले छत्रपती शाहूंचे.

वसतिगृहे ही शहरात आलेल्यांची सोय. जे येऊच शकत नव्हते त्यांचे काय, हा प्रश्न महाराजांना उत्तरायुष्यात अधिक छळू लागला. गोपाळ कृष्ण गोखले यांचे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक १९१२ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात फेटाळले गेले होते. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये ते राज्यभर लागू करून दाखवले होते. पण बडोदा श्रीमंत होते, कोल्हापूर नव्हते. तरीही १९१७ मध्ये महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि त्यासाठी वर्षाला एक लाख रुपयांची तरतूद केली. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठरला. इमारतींसाठी थांबण्याची त्यांची तयारी नव्हती. गावात चावडी आहे, देऊळ आहे, धर्मशाळा आहे. तेथेच शाळा भरवण्याचे ठरले. १९१८ च्या मार्च महिन्यात करवीर पेट्यातील चिखली गावी पहिली शाळा सुरू झाली.

आरंभी अशा शाळा २७ होत्या आणि त्यांत सुमारे १३०० मुले होती. १९२१-२२ पर्यंत शाळा ४२० झाल्या आणि मुलांची संख्या २२ हजारांवर गेली. चार वर्षांतील ही वाढ आहे. १९१९ च्या दसऱ्यापासून अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सरकारी शाळांत इतरांबरोबर बसवण्याचा हुकूमही निघाला. ज्याने आधी जातवार घरे बांधली त्यानेच आता बाके एकत्र केली. त्याच वर्षी राजाराम कॉलेज आर्य समाजाच्या हाती सोपवण्यात आले. उच्च शिक्षणाच्या अभिमान्यांना तो निर्णय रुचला नाही, आणि त्यावरील वाद अजूनही मिटलेला नाही. पण हाती असलेला मर्यादित पैसा कोणाच्या मुलांवर आधी खर्च करायचा, याविषयी महाराजांच्या मनात तोवर संदेह उरला नव्हता.

६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय होते ४७. नाशिकला कोनशिला बसवून दोन वर्षे उलटली होती.

शासनाच्या आदिवासी विकास विभागाने २०१६ मध्ये एक योजना आणली. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्यांना भोजन व निवासाचे पैसे थेट बँक खात्यात देण्याची ती योजना. जागा कमी आणि मुले अधिक, याचीच ती कबुली होती. पैसे खात्यात जमा झाले तरी अनोळखी शहरात खोली शोधायची, घरमालकाच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची आणि अनामत रक्कम भरायची, हे सारे हरसूलहून आलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला एकट्यालाच करावे लागते.