वाल्देमार हाफकिन

वाल्देमार मोर्डेकाय हाफकिन (१५ मार्च १८६०, ओडेसा – २६ ऑक्टोबर १९३०, लोझान) हे पटकी आणि प्लेग या दोन रोगांवर प्रतिबंधक लसी तयार करून त्या प्रथम स्वतःच्या शरीरावर अजमावणारे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. मुंबईतील परळ येथील हाफकिन इन्स्टिट्यूट ही संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते. ते मूळचे प्राणिशास्त्रज्ञ. वैद्यकाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती आणि ही उणीव ब्रिटिश वैद्यकीय सेवेतील अनेकांनी त्यांना कधी विसरू दिली नाही. सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळेत पाऊल टाकताच निर्जंतुक हाताळणीचा पाठ दिला जातो. हाफकिन यांचा उत्कर्ष आणि त्यांच्यावर ओढवलेली आपत्ती या दोन्हींचा संबंध याच पाठाशी आहे.

जन्म आणि शिक्षण

हाफकिन यांचा जन्म रशियन साम्राज्यातील एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे शालेय शिक्षण बेर्डियान्स्क येथे झाले आणि १८७९ मध्ये त्यांनी ओडेसा येथील विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथे प्राणिशास्त्राचे विख्यात अध्यापक इल्या मेचनिकोव्ह त्यांना गुरू म्हणून लाभले. विद्यार्थिदशेत ते झारविरोधी क्रांतिकारक चळवळीकडे ओढले गेले, पण तिचा दहशतवादी मार्ग न पटल्याने पुढे तिच्यापासून दूर झाले. ओडेसात ज्यूंवर हल्ले झाले तेव्हा स्वसंरक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत ते होते. त्यात ते जखमी झाले आणि त्यांना अटकही झाली. मेचनिकोव्ह यांनी रदबदली केल्यामुळे त्यांची सुटका झाली.

अध्यापकपदाची वाट मात्र त्यांना बंद होती. धर्म बदलून रशियन ऑर्थोडॉक्स पंथ स्वीकारला असता तर ती मोकळी झाली असती. हाफकिन यांनी त्यास नकार दिला आणि ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय संग्रहालयात नोकरी करीत एकपेशीय जीवांचा अभ्यास चालू ठेवला.

पॅरिसमधील उमेदवारी

१८८८ मध्ये त्यांनी रशिया सोडला. काही काळ जिनिव्हा येथे शरीरक्रियाविज्ञान शिकवल्यावर १८८९ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले. मेचनिकोव्ह त्यापूर्वीच तेथे आले होते. परंतु शिष्यासाठी त्या वेळी एकच जागा रिकामी होती, ती साहाय्यक ग्रंथपालाची. हाफकिन यांनी ती स्वीकारली. ग्रंथालयाचे काम सांभाळून उरलेला वेळ ते प्रयोगशाळेत घालवीत आणि फावल्या वेळी व्हायोलिन वाजवीत.

या संस्थेत त्या काळी जगातील उत्तम सूक्ष्मजीवशास्त्रीय शिक्षण मिळत होते. पोषक द्रव उकळून निर्जंतुक करणे, त्यात एकाच जातीचे जिवाणू वाढवणे, चंबूच्या तोंडाला कापसाचा बोळा बसवणे, प्रत्येक उपकरण वापरापूर्वी ज्योतीतून काढणे आणि वाढलेल्या संवर्धात परका जिवाणू शिरलेला नाही याची पुनःपुन्हा खात्री करणे, ही कामे वरवर पाहता क्षुल्लक वाटतात. ती हाताच्या सवयीत उतरल्याखेरीज पुढील कोणतेही संशोधन विश्वासार्ह ठरत नाही. हाफकिन ही विद्या तिशीच्या उंबरठ्यावर शिकले. पॅरामेशियम या एकपेशीय जीवाच्या केंद्रकात वाढणाऱ्या जिवाणूंवरील त्यांचा निबंध १८९० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास एमिल रू यांचे साहाय्यक अलेक्झांडर येरसँ संस्था सोडून पूर्वेकडे गेले आणि त्यांच्या जागी हाफकिन यांची नेमणूक झाली. याच येरसँ यांनी १८९४ मध्ये हाँगकाँग येथे प्लेगचा जिवाणू शोधला, हा योगायोग लक्षणीय आहे.

पटकीची लस

पटकीचे जिवाणू गिनीपिगच्या उदरपोकळीतून एकामागून एक संक्रमित करीत नेल्यास त्यांची मारकशक्ती वाढते, तर उष्ण हवेच्या झोतात वाढवल्यास ती घटते, असे हाफकिन यांना आढळले. प्रथम दुर्बल आणि काही दिवसांनी तीव्र अशा दोन मात्रा देण्याची पद्धत त्यांनी बसवली. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी पहिली मात्रा स्वतःस टोचून घेतली. थोडा ताप आला आणि उतरला.

लसीची खरी परीक्षा पटकी ठाण मांडून बसलेल्या प्रदेशातच होऊ शकत होती. म्हणून ब्रिटिश सरकारच्या अनुमतीने ते १८९३ मध्ये भारतात आले. कोलकात्याच्या वस्त्या, उत्तर भारतातील छावण्या आणि आसामचे चहामळे अशी त्यांची भटकंती झाली. या काळात सुमारे ४२,००० लोकांना लस टोचली गेली. हिवतापाने प्रकृती ढासळल्यामुळे १८९५ मध्ये त्यांना विश्रांतीसाठी परत जावे लागले. पुढच्याच वर्षी ते पुन्हा भारतात आले.

मुंबईतील प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगास यांनी प्लेगचे निदान केले. त्यानंतरच्या वर्षांत या रोगाने महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनावर खोल ओरखडे काढले. पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी प्लेगने मृत्यू पावल्या. घरझडतीच्या जुलमातून उसळलेल्या संतापात चापेकर बंधूंनी त्याच वर्षी जूनमध्ये रँडवर गोळ्या झाडल्या. सक्तीचे विलगीकरण आणि धूर-फवारणी यांपलीकडे सरकारजवळ उपाय नव्हता. अशा वेळी हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली व एक व्हरांडा, मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई, एवढ्यावर त्यांनी काम सुरू केले.

प्लेगच्या जिवाणूंसाठी त्यांनी बोकडाच्या मांसापासून पोषक द्रव तयार केला. गाय आणि डुक्कर दोन्ही वर्ज्य ठेवल्याने हिंदू वा मुसलमान कोणालाच आक्षेप घेण्यास जागा राहिली नाही. चंबूतील द्रवाच्या पृष्ठभागावर ते तुपाचे वा खोबरेल तेलाचे थेंब तरंगत ठेवीत. या थेंबांच्या तळाशी जिवाणू वाढू लागत आणि चंबू न हलवता ठेवल्यास, गुहेच्या छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीच्या खांबांप्रमाणे, त्यांच्या वाढीचे पांढुरके धागे द्रवात खाली उतरत. चंबू हलवला की धागे तुटून तळाशी बसत आणि वर नवी वाढ सुरू होई. या युक्तीने पीक तर भरघोस येईच, शिवाय संवर्ध प्लेगचाच आहे याची खूणही डोळ्यांना दिसे. सुमारे सहा आठवड्यांनी जिवाणू उष्णतेने मारले जात आणि द्रवात अल्प प्रमाणात कार्बोलिक आम्ल मिसळले जाई. घरगुती तुपाचा थेंब प्रयोगशाळेत असा कामी यावा, ही गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगण्याजोगी आहे.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःस टोचून घेतली. पुढे लोकांना जी मात्रा देण्यात येई तिच्याहून ही पुष्कळ मोठी होती. तापाने व वेदनेने ते बेजार झाले, तरी आपल्या कामावर राहिले. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली आणि न टोचलेल्या कैद्यांच्या तुलनेत त्यांच्यात रोगाचे प्रमाण स्पष्टपणे कमी आढळले. त्यानंतर पोर्तुगीजांच्या ताब्यातील दमण येथे लस न घेतलेल्या ६,०३३ लोकांपैकी १,४८२, तर लस घेतलेल्या २,१९७ पैकी ३६ जण दगावले. बडोद्याजवळील उंढेरा गावी १८९८ मध्ये केलेली चाचणी याहून काटेकोर होती. तेथे प्रत्येक कुटुंबातील निम्म्या माणसांना लस देऊन उरलेल्या निम्म्यांशी तुलना करण्यात आली, म्हणजे घर, अन्न आणि राहणी दोन्ही गटांत सारखीच राहिली. प्लेगने गाठलेल्या घरांत लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २६, तर लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ३ जण मृत्यू पावले. लस पूर्ण संरक्षण देते असा दावा हाफकिन यांनी केला नाही.

लोकांच्या मनातील भीती मात्र आकड्यांनी जाणारी नव्हती. खोजा समाजाचे धर्मगुरू आगाखान यांनी आपल्या अनुयायांसमोर स्वतः टोचून घेतले आणि प्रयोगशाळेसाठी माझगावचे खुश्रू लॉज उपलब्ध करून दिले. मागणी वाढत गेली तशी ही जागाही अपुरी पडली. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या राजभवनात प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले आणि हाफकिन तिचे प्रमुख झाले.

मुल्कोवालची दुर्घटना

१९०२ मध्ये पंजाबात लसीकरणाची मोठी मोहीम हाती घेण्यात आली आणि परळहून लसीच्या बाटल्या तिकडे रवाना होऊ लागल्या. मागणी पुरी करण्यासाठी हाफकिन यांनी अधिक जलद अशी उत्पादनपद्धती अंगीकारली होती. तिच्यात कार्बोलिक आम्ल वगळून केवळ उष्णतेने निर्जंतुकीकरण केले जाई. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुल्कोवाल या गावी १०७ लोकांना लस देण्यात आली. त्यांतील एकाच बाटलीतून, ५३-एन या क्रमांकाच्या, टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला. ते सर्व मरण पावले. इतर बाटल्यांतून टोचलेल्या ८८ जणांना काहीही झाले नाही.

चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्यात आला. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळ येथे, ती दूषित झाली असावी आणि कार्बोलिक वगळणे ही गंभीर चूक होती, असा निष्कर्ष आयोगाने काढला. हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले आणि १९०४ मध्ये ते भारत सोडून गेले.

आयोगाने दोन गोष्टींना पुरेसे महत्त्व दिले नाही. पहिली गोष्ट धनुर्वाताच्या जिवाणूची. बाटली परळला भरल्यापासून उघडेपर्यंत ४१ दिवस गेले होते. प्रारंभीच तिच्यात हा जिवाणू शिरला असता तर एवढ्या अवधीत तो भरपूर वाढला असता आणि द्रवास दुर्गंधी आली असती. बाटली उघडताना तशी दुर्गंधी आढळली नव्हती. शिवाय लसीत मिसळले जाई इतक्या सौम्य कार्बोलिकने धनुर्वाताचे बीजाणू मरतही नाहीत. दुसरी गोष्ट अगदी साधी होती. मुल्कोवाल येथे त्या बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा साहाय्यकाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करता केवळ कार्बोलिकच्या द्रावात बुचकळून पुन्हा वापरण्यात आला. गुराढोरांचा वावर असलेल्या गावच्या मातीत धनुर्वाताचे बीजाणू असणे ही नित्याची बाब आहे.

चौकशीची कागदपत्रे काही वर्षांनी प्रसिद्ध झाली तेव्हा तज्ज्ञांचे लक्ष या तपशिलाकडे गेले. हिवतापाच्या संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळवलेले रोनाल्ड रॉस आणि लंडनचे प्राध्यापक विल्यम सिम्पसन यांनी हा प्रश्न लावून धरला. जुलै १९०७ मध्ये दहा नामवंत शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र लंडनच्या टाइम्स या दैनिकात छापून आले आणि त्याच वर्षअखेरीस हाफकिन दोषमुक्त ठरले. हा सारा प्रकार काही जणांना फ्रान्समधील ड्रायफस खटल्याची आठवण करून देणारा वाटला. हाफकिन यांच्या ज्यू असण्याचा आणि वैद्यक पदवी नसण्याचा त्यांच्यावरील अन्यायात किती वाटा होता, याचे मोजमाप करणे कठीण आहे. तो होता, यात शंका घेण्यास फारशी जागा नाही.

उत्तरायुष्य

१९०७ च्या अखेरीस ते भारतात परतले, परंतु परळची जागा तोवर भरली गेली होती. त्यांची नेमणूक कोलकात्यास झाली. तेथे माणसांवर चाचण्या घेण्याची मुभा त्यांना मिळाली नाही, केवळ सैद्धांतिक संशोधन करावे लागले. दोषमुक्तीनंतरही शिक्षा चालूच राहिली, असेच याचे वर्णन करावे लागेल. पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास ते निवृत्त होऊन युरोपात गेले. ते अविवाहित होते. उत्तरायुष्यात त्यांचा कल धर्माकडे वळला. ज्यूंच्या धार्मिक शिक्षणासाठी त्यांनी १९२९ मध्ये आपल्या संपत्तीतून एक न्यास स्थापन केला.

परळच्या प्रयोगशाळेचे नाव १९०६ मध्ये बॉम्बे बॅक्टीरिऑलॉजिकल लॅबोरेटरी असे झाले होते. १९२५ मध्ये तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव देण्यात आले. तोपर्यंत मुंबईहून प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा रवाना झाल्या होत्या. नामकरणाची वार्ता हाफकिन यांना त्यांच्या हयातीतच मिळाली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. भारतीय टपाल खात्याने १९६४ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.