कॉर्नेलिया सोराबजी

कॉर्नेलिया सोराबजी (जन्म : नाशिक, १५ नोव्हेंबर १८६६, मृत्यू : लंडन, ६ जुलै १९५४) या ऑक्सफर्ड विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या पहिल्या महिला आणि भारतातील आद्य महिला वकिलांपैकी एक होत. पडद्यात राहणाऱ्या विधवा व त्यांची अज्ञान मुले यांच्या मालमत्तेचे आणि हक्कांचे रक्षण हे त्यांचे मुख्य जीवनकार्य होते.

जन्म आणि शिक्षण

वडील सोराबजी खरसेदजी हे पारशी कुटुंबातून ख्रिस्ती झालेले धर्मोपदेशक. आई फ्रान्सिना यांनी पुण्यात शाळा काढल्या. डेक्कन कॉलेजातील पहिल्या विद्यार्थिनी असलेल्या कॉर्नेलिया पदवी परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्या. मात्र इंग्लंडमधील शिक्षणासाठीची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना स्त्री म्हणून नाकारण्यात आली. काही काळ अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात अध्यापन केल्यावर हितचिंतकांनी उभारलेल्या निधीच्या बळावर त्या १८८९ मध्ये ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल येथे दाखल झाल्या. या हितचिंतकांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल याही होत्या. १८९२ मध्ये विशेष परवानगीने त्यांनी बी.सी.एल.ची परीक्षा दिली व त्यात यश मिळवले. तेव्हा ऑक्सफर्ड स्त्रियांना पदव्या देत नसे. ती पदवी त्यांच्या हाती पडायला ३० वर्षे लागली.

पडदानशीन स्त्रियांसाठी कार्य

त्या काळी अनेक जमीनदार घराण्यांतील स्त्रिया परपुरुषासमोर येत नसत. पती निवर्तल्यावर जमीनजुमला कागदोपत्री त्यांच्याकडे येई, पण वकील पुरुष, न्यायाधीश पुरुष आणि हिशेब कारभाऱ्याच्या हाती. पुढे केलेल्या कागदावर सही करण्यापलीकडे त्यांच्या हाती काही उरत नसे. कायद्याने दिलेला हक्क असा उंबरठ्यावरच अडे. हा उंबरठा ओलांडू शकेल अशी कायदा जाणणारी स्त्री हवी, हे कॉर्नेलिया यांनी ओळखले.

अडचण त्यांचीही होती. १८९७ मध्ये मुंबई विद्यापीठाची एल्‌एल.बी. आणि १८९९ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा उत्तीर्ण होऊनही त्यांना सनद मिळाली नाही. त्यांनी सरकारकडे सतत पाठपुरावा केला आणि १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सवर त्यांची नेमणूक झाली. अज्ञान वारस किंवा पडदानशीन मालकीण असलेल्या जहागिऱ्यांचा कारभार हे खाते पाहत असे. बंगाल, बिहार, ओरिसा व आसाम येथील हिंदू व मुसलमान घराण्यांच्या अंतःपुरांत जाऊन वारसा, दत्तकविधान, पोटगी, मुलांचे शिक्षण अशा प्रश्नांत त्यांनी मार्गदर्शन केले. सुमारे २० वर्षांत ६०० हून अधिक स्त्रिया व मुलांना त्यांचे साहाय्य झाले, असे मानले जाते. १९०९ मध्ये त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक मिळाले.

१९२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांना वकील म्हणून नोंदवून घेतले. १९२३ च्या कायद्याने स्त्रियांना वकिलीची मुभा मिळाल्यावर त्यांनी कलकत्त्यात व्यवसाय केला. पण तेव्हा त्यांचे वय साठीकडे झुकले होते.

राजकीय मते आणि अखेर

त्या ब्रिटिश राजवटीच्या समर्थक आणि गांधीजींच्या चळवळीच्या विरोधक होत्या. कॅथरीन मेयो यांच्या ‘मदर इंडिया’ (१९२७) या पुस्तकाचे त्यांनी समर्थन केल्याने अनेक सहकारी दुरावले. स्त्रियांच्या हक्कांच्या इतिहासात त्यांचे नाव दीर्घकाळ मागे पडले, त्याचे हे एक मोठे कारण दिसते. १९२९ मध्ये त्या लंडनला स्थायिक झाल्या. ‘इंडिया कॉलिंग’ (१९३४) हे त्यांचे आत्मचरित्र आहे. २०१२ मध्ये लंडनच्या लिंकन्स इन या संस्थेत त्यांचा अर्धपुतळा बसवण्यात आला.