स्वतःचं इंजिन न बनवता ज्यांनी स्पोर्ट्स कारचं साम्राज्य उभं केलं, त्या डोनाल्ड हिलींची गोष्ट

डिसेंबर १९४९. क्वीन एलिझाबेथ ही अवाढव्य बोट इंग्लंडहून अमेरिकेला निघाली होती. बोटीवर एक इंग्रज कारखानदार होता. त्याच्या गाड्या पळायच्या झकास, पण त्यांना हवं तसं दणकट इंजिन त्याच्याकडे नव्हतं. ते मागायलाच तो जनरल मोटर्सच्या दारात चालला होता.

या माणसाचं नाव डोनाल्ड हिली.

ऑस्टिन-हिली ही गाडी जुन्या गाड्यांच्या शौकिनांना चांगलीच ठाऊक असते. लांब बॉनेट, बुटकी बैठक, उघडं छत. पण या गाडीवर ज्यांचं नाव आहे, त्या हिलींनी आपल्या कंपनीत स्वतःचं इंजिन कधी बनवलंच नाही. इंजिन कायम दुसऱ्याचं. त्यामुळे त्यांच्या आयुष्यातला प्रत्येक चढउतार एकाच प्रश्नाशी येऊन थांबतो, इंजिन कुणाकडून घ्यायचं?

डोनाल्ड हिलींचा जन्म १८९८ सालचा. गाव पेरनपोर्थ, इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातलं, समुद्रकाठचं. विमानांचं वेड लहानपणापासून. सॉपविथ या विमान कंपनीत उमेदवारी केली आणि पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर वैमानिक झाले. तिथे एकदा आपल्याच बाजूच्या तोफांनी त्यांचं विमान पाडलं. जीव वाचला, पण लढाऊ विमानं सुटली.

गावी परतून त्यांनी गॅरेज टाकलं आणि मोटारींच्या शर्यतीत उतरले. १९३१ साली त्यांनी मॉन्टे कार्लो रॅली जिंकली. गाडी होती इन्व्हिक्टा, साडेचार लिटरची. गंमत म्हणजे इन्व्हिक्टाचंही इंजिन स्वतःचं नव्हतं, ते मेडोज नावाच्या इंजिन बनवणाऱ्या कंपनीचं होतं. चांगलं तयार इंजिन विकत घेऊनही जग जिंकता येतं, हे हिलींनी स्टीअरिंगवर बसूनच पाहिलं.

याच्या उलट धडा मिळाला ट्रायम्फमध्ये. तिथे तांत्रिक विभागाची सूत्रं त्यांच्याकडे होती. अल्फा रोमिओच्या धर्तीवर त्यांनी आठ सिलिंडरचं, सुपरचार्जर लावलेलं दोन लिटरचं इंजिन तयार केलं. १९३५ च्या मॉन्टे कार्लो रॅलीत ती डोलोमाइट घेऊन निघाले आणि डेन्मार्कमध्ये रेल्वे फाटकावर गाडीची आगगाडीशी टक्कर झाली. हिली वाचले, गाडीचा चुराडा झाला. गाडी इतकी महागडी होती की मोजके नग बनवून तो बेत सोडून द्यावा लागला. १९३९ मध्ये ट्रायम्फच दिवाळखोरीत गेली.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा हिली पन्नाशीला टेकले होते. या वयात त्यांनी वॉरविक गावात स्वतःची कंपनी काढली. सांगाडा आपला, बॉडी आपल्या आराखड्याची. इंजिन मात्र राइली कंपनीचं घ्यायचं, २.४ लिटरचं, चार सिलिंडरचं.

राइलीच का? कारण ते इंजिन राइलीच्या स्वतःच्या गाड्यांमध्ये रोज रस्त्यावर पळत होतं. त्यातल्या खोडी आधीच कळलेल्या होत्या आणि मेकॅनिकांचा हात त्यावर बसलेला होता. याच इंजिनावर हिलींची एलियट ही गाडी त्या काळच्या सर्वांत वेगवान बंद गाड्यांमध्ये जाऊन बसली. पुढे १९४९ मध्ये सिल्व्हरस्टोन आली, हलकी आणि शर्यतीसाठीच बनवलेली.

इथे गोष्टीला वळण लागलं. ब्रिग्ज कनिंगहॅम या अमेरिकन शर्यतपटूने एक सिल्व्हरस्टोन विकत घेतली, तिचं इंजिन काढलं आणि त्या जागी कॅडिलॅकचं व्ही-८ बसवलं. आज ज्याला आपण इंजिन स्वॅप म्हणतो, तेच.

ही जोडी हिलींच्या मनात भरली. अमेरिकन ताकद आणि इंग्लिश सांगाडा, मग अमेरिकेची बाजारपेठ आपलीच! म्हणून ते क्वीन एलिझाबेथवर चढले.

बोटीवर त्यांची ओळख जॉर्ज मेसन यांच्याशी झाली. दोघांनाही फोटोग्राफीचा नाद, त्यामुळे गप्पा रंगल्या. मेसन होते नॅश या अमेरिकन मोटार कंपनीचे प्रमुख. कॅडिलॅकने नाही म्हटलं तर माझ्याकडे या, असं त्यांनी हिलींना सांगून ठेवलं.

झालंही तसंच. कॅडिलॅकच्या इंजिनांना त्यांच्याच गाड्यांसाठी इतकी मागणी होती की बाहेरच्याला द्यायला शिल्लक नव्हती. मग हिली मेसन यांच्याकडे गेले.

नॅशचं सहा सिलिंडरचं ३.८ लिटर इंजिन कॅडिलॅकच्या व्ही-८ इतकं जोरकस नव्हतं. पण ते दणकट होतं, हवं तेवढं मिळणार होतं आणि मुख्य म्हणजे देणाऱ्यालाच ते द्यायची इच्छा होती. त्याला स्वतःच्या शोरूममध्ये एक स्पोर्ट्स कार हवी होती. १९५० च्या ल मान्स या २४ तासांच्या शर्यतीत नॅश-हिली चौथी आली, १९५२ मध्ये थेट तिसरी. तिच्या पुढे फक्त दोन मर्सिडीज होत्या.

पण या व्यवहाराला एक दुखणं होतं. इंजिन अमेरिकेतून इंग्लंडला यायचं, पुढे बॉडी इटलीत पिनिनफरीनाकडे बसायची आणि तयार गाडी परत अमेरिकेला जायची. इतक्या प्रवासात किंमत फुगणारच. १९५४ पर्यंत सुमारे ५०० गाड्या बनल्या आणि हे प्रकरण संपलं.

तोवर हिलींनी दुसरी सोय केली होती. त्यांना आता स्वस्त, जास्त संख्येने बनेल अशी गाडी हवी होती. राइलीचं इंजिन त्यासाठी महाग पडत होतं.

त्याच वेळी ऑस्टिन कंपनीची ए-९० अटलांटिक ही गाडी अमेरिकेत आपटली होती. गाडी चालली नाही, पण तिच्या २६६० सीसी इंजिनात काही खोट नव्हती. ऑस्टिनकडे इंजिनं होती, गिऱ्हाईक नव्हतं. हिलींनी तेच इंजिन आणि त्याच्यासोबतचे बरेचसे भाग उचलले आणि हिली १०० बनवली. ताशी १०० मैल गाठणारी, म्हणून १००.

ऑक्टोबर १९५२ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात ही गाडी मांडली आणि गर्दी लोटली. वॉरविकच्या छोट्या कारखान्यातून एवढी मागणी पुरवणं अशक्य होतं. ऑस्टिनचे सर्वेसर्वा लिओनार्ड लॉर्ड यांनी तिथल्या तिथे देऊ केलं की गाडी आम्ही बनवतो, तुम्हाला रॉयल्टी देतो. प्रदर्शन चालू असतानाच गाडीचं नाव ऑस्टिन-हिली झालं.

पुढची पंधरा वर्षं सुखाची गेली. सहा सिलिंडरची ३००० आली. १९५८ मध्ये चिमुकली स्प्राइट आली, जिच्यात साध्या घरगुती गाडीचं ९४८ सीसी इंजिन होतं. सुटे भाग सगळीकडे मिळायचे, दुरुस्ती कुणीही करायचं. सामान्य पगारदाराला परवडणारी स्पोर्ट्स कार मिळाली.

पण इंजिन, कारखाना आणि विक्री सगळंच एकाच्या हातात गेलं की काय होतं, तेही हिलींनी पाहिलं. मोठी ३००० अमेरिकेच्या नव्या सुरक्षा आणि धुराच्या नियमांपुढे थांबली. १९६८ मध्ये ब्रिटिश लेलँड हा महाकाय समूह तयार झाला. नव्या साहेबांना रॉयल्टी द्यायची नव्हती. काही वर्षांतच स्प्राइटवरून हिली हे नाव पुसलं गेलं.

सत्तरी ओलांडलेले हिली तरी गप्प बसले नाहीत. १९७० मध्ये ते जेन्सन कंपनीचे अध्यक्ष झाले आणि नव्या गाडीचं काम सुरू झालं. पुन्हा तोच प्रश्न, इंजिन कुणाचं?

व्हॉक्सहॉलचं पाहिलं, अमेरिकेचे धुराचे नियम पाळताना त्याची ताकद कमी पडत होती. फोर्डच्या व्ही-६ चा विचार झाला, पण संपामुळे पुरवठ्याची खात्री नव्हती. बीएमडब्ल्यूला हवी तेवढी संख्या देणं जमेना. शेवटी लोटसचं नवंकोरं दोन लिटर इंजिन ठरलं. कागदावर ते सगळ्यांत सरस होतं, १६ व्हॉल्व्ह आणि सुमारे १४० हॉर्सपॉवर.

अडचण एवढीच की ते तोवर कुठल्याच विक्रीच्या गाडीत बसलं नव्हतं. लोटसच्या स्वतःच्या गाडीतसुद्धा नाही. शिवाय इंजिनाची वॉरंटी लोटसने दिली नव्हती. १९७२ मध्ये जेन्सन-हिली बाजारात आली आणि सुरुवातीच्या इंजिनांच्या तक्रारी सुरू झाल्या. इंजिनाच्या खोडी गिऱ्हाइकाच्या दारात सापडत होत्या आणि खर्च जेन्सन भरत होती. त्यात तेलाचं संकट आलं. सुमारे १० हजार गाड्यांनंतर १९७६ मध्ये जेन्सन बंद पडली. तेच इंजिन पुढे सुधारत गेलं आणि लोटसच्या गाड्यांमध्ये अनेक वर्षं चाललं. म्हणजे इंजिन वाईट नव्हतं, फक्त ते पिकायच्या आधी तोडलं होतं.

जानेवारी १९८८ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी डोनाल्ड हिली गेले.

आज कुणी जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये दुसरं इंजिन बसवायला निघालं, की पहिला प्रश्न असतो हॉर्सपॉवर किती. हिलींचं आयुष्य पाहिलं तर तो प्रश्न चौथा असायला हवा. हे इंजिन आधी किती गाड्यांमध्ये पळून आलंय? देणाऱ्याकडे ते आणि त्याचे सुटे भाग उद्याही असतील का? आणि बिघडलं तर फोन कोण उचलणार?

या तीन प्रश्नांची उत्तरं जेव्हा पक्की होती, तेव्हा घरगुती गाडीच्या इंजिनानेही हिलींना तारलं. ती नव्हती, तेव्हा कागदावरचं सगळ्यांत भारी इंजिनही कामाला आलं नाही.