पांढरी बट, निळा डोळा आणि डॉ. वार्डेनबर्ग

पेत्रुस वार्डेनबर्ग यांचा जन्म १८८६ मध्ये नेदरलँड्समध्ये झाला. उट्रेख्ट विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण घेऊन ते आर्नहेम शहरात नेत्रतज्ज्ञ म्हणून काम करू लागले. डोळ्यांचे आजार घराण्यात कसे उतरतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. डाऊन सिंड्रोमचे मूळ गुणसूत्रांच्या बिघाडात असावे, असा तर्क त्यांनी १९३२ मध्येच मांडला. तो खरा ठरायला १९५९ साल उजाडले.

त्यांचे नाव अजरामर झाले ते मात्र वयाच्या पासष्टीत केलेल्या कामामुळे. मूकबधिरांच्या संस्थांमध्ये जाऊन तपासणी करताना काही जणांत एकच ठेवण त्यांना पुन्हा पुन्हा दिसली: कपाळावर पांढरी बट, एक किंवा दोन्ही डोळे निळे, नाकाचे मूळ रुंद आणि डोळ्यांचे आतले कोपरे एकमेकांपासून दूर. त्यांच्या नातेवाइकांतही यातली काही लक्षणे होती. १९५१ मध्ये त्यांनी हे सारे एकत्र मांडले. तोच आजचा ‘वार्डेनबर्ग सिंड्रोम’.

केसांचा रंग आणि बहिरेपण यांचा संबंध काय? गर्भात मेंदू व मज्जारज्जू घडत असताना त्यांच्या पाठीकडच्या कडेवर काही पेशी एकमेकींना चिकटून असतात. पुढे ही पकड सुटते, पेशी दूरवर प्रवास करतात आणि त्यातल्या काहींच्या रंगपेशी होतात. त्वचा, केसांची मुळे, बुबुळ आणि अंतर्कर्ण ही त्यांची मुक्कामाची ठिकाणे. तिथे त्यांना पुन्हा शेजारच्या पेशींना धरावे लागते. हे चिकटण्याचे काम पेशींवरची कॅडेरिनसारखी प्रथिने करतात. कोणते प्रथिन केव्हा तयार व्हायचे, हे जनुके ठरवतात. अंतर्कर्णातल्या रंगपेशी तिथल्या द्रवातील क्षारांचे प्रमाण राखतात. त्या नसल्या तर कान बाहेरून चांगला दिसूनही ऐकू येत नाही.

वार्डेनबर्ग १९७९ मध्ये वारले. या आजाराशी निगडित पॅक्स-३ हे जनुक १९९२ मध्ये सापडले. एमआयटीएफ आणि सॉक्स-१० यांचा संबंध त्यानंतर उलगडला. रंगपेशी घडण्यासाठी आणि जगण्यासाठी ही जनुके लागतात.

हा आजार भारतातही आढळतो. अशी बट असलेले प्रत्येक मूल बहिरे नसते. पण बट किंवा निळा डोळा ‘देवाची खूण’ किंवा ग्रहणाचा परिणाम समजून सोडून देऊ नये. बाळाची ‘बेरा’ ही श्रवण तपासणी लगेच करून घ्यावी. आई-वडिलांपैकी एकाला हा आजार असेल, तर बहुतेक प्रकारांत प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता ५० टक्के असते. गेलेला रंग परत आणता येत नाही. मात्र बहिरेपण पहिल्या काही महिन्यांत कळले, तर श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट वेळेवर मिळून मूल बोलायला शिकू शकते.